एका ब्लेडच्या किती दाढ्या? (चिपळुणात सात, लातुरात चार, असं का?)

वाशिष्ठीकाठ

नमस्कार मंडळी. प्रश्न दाढीचा आहे, पण बरीच वर्षं डोक्यात घोळतोय आणि मला तो खरंच सोडवायचा आहे.

मी दुधारी ब्लेडचा जुना सेफ्टी रेझर वापरतो. रेझर वडिलांचा, पितळी, तीन तुकड्यांचा. मूळ गाव चिपळूण, नोकरी गेली अकरा वर्षं लातुरात. गावी असलो की एका ब्लेडच्या सात दाढ्या आरामात होतात. सातवीला जरा ओढतं, पण होते. लातुरात त्याच पाकिटातलं ब्लेड, तोच रेझर, तोच गोल साबण, तोच चेहरा. आणि चौथ्या दाढीलाच हनुवटीखाली खरखर सुरू. पाचवी केलीच तर दिवसभर मान चरचरते.

एखादं ब्लेड खराब निघालं असेल असं म्हणावं, तर माझ्याकडे पाच वर्षांच्या नोंदी आहेत. रेझरच्या डबीच्या झाकणाला आतून कागद चिकटवलाय. नवं ब्लेड लावलं की तारीख, आणि प्रत्येक दाढीला एक रेघ. गावच्या सुट्टीतल्या रेघा नेहमी लांबतात.

ब्लेड तीन-चार रुपयांचं आहे, त्यामुळे पैशासाठी विचारत नाही. इतक्या बारीक धारेची, इतकी नेटकी वस्तू अर्ध्या आयुष्यात फेकायला हात धजत नाही, एवढंच. वडील एक ब्लेड दोन-दोन आठवडे वापरायचे. काचेच्या ग्लासात थोडं पाणी घ्यायचे, ब्लेड आतल्या गोलाईवर दोन बोटांनी दाबून पुढे-मागे घासायचे. तो आवाज अजून कानात आहे. त्याने खरंच धार यायची का? आणि लातुरात माझं काय चुकतंय?

साबणफेस

दादा, पाणी! लातूरचं पाणी आणि चिपळूणचं पाणी एक आहे का? दाढीला पाणी कुठलं घेता?

वाशिष्ठीकाठ

नळाला आलं तर नळाचं, नाही तर बोअरचं. उन्हाळ्यात टँकर. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं, तेव्हा मी इथेच होतो. त्यामुळे कुठलंही पाणी मिळालं तरी तक्रार करायची सवय गेलीय. बोअरचं पाणी जड आहे हे मान्य. बादलीला पांढरा थर धरतो, गीझरची कॉइल दीड वर्षात जाते. पण पाण्याचा ब्लेडच्या धारेशी काय संबंध?

भट्टीसाल

संबंध आहे. धातुशास्त्र हा माझा पोटापाण्याचा विषय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी ब्लेड म्हणजे काय ते बघू. साधारण १३ टक्के क्रोमियम आणि पाऊण टक्क्याच्या आत कार्बन असलेलं स्टेनलेस पोलाद, जाडी ०.१ मिलिमीटर. म्हणजे दाढीचा एक राठ केस जेवढा जाड, साधारण तेवढंच ब्लेड. ते तापवून झटक्यात गार करतात आणि त्यातून ते कडक होतं. मग धार लावतात. त्या धारेवर क्रोमियम-प्लॅटिनमसारख्या धातूंचा अतिशय पातळ लेप असतो आणि त्यावर टेफ्लॉनच्या जातीचा गुळगुळीत थर. पहिल्या दाढीपेक्षा दुसरी छान होते असं बरेच जण म्हणतात, ते याच थरामुळे. पहिल्या दाढीत त्यातला जास्तीचा भाग धारेवरून मागे सरकतो.

आता गंमत अशी की केस या पोलादाच्या मानाने सुमारे पन्नास पट मऊ. तरी ब्लेड बोथट होतं. का? २०२० साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं आणि ‘सायन्स’ या नियतकालिकात छापलं. त्यांच्यातल्या एकाने स्वतःची दाढी करून करून ब्लेडची धार तपासली. धार झिजून गोल होत असेल अशी आपली कल्पना असते. त्यांना तसं फारसं दिसलं नाही. दिसले ते टवके. धारेचे सूक्ष्म कपचे उडालेले. आणि हे टवके प्रत्येक केसाला उडत नाहीत. केस धारेला काटकोनात, घट्ट उभा असेल तर सहज कापला जातो. केस वाकला, तिरका झाला, आणि धारेच्या नेमक्या कच्च्या जागी त्याचा जोर एका बाजूने आला, की कपचा उडतो.

इथून पुढचं अनुमान माझं. ब्लेड वाचवायचं तर केस कमीत कमी जोरात कापला गेला पाहिजे. केस पाणी पितो, फुगतो आणि नरम पडतो. त्याला दोन-तीन मिनिटं तरी ओलं ठेवावं लागतं. तोंडावर पाण्याचा हबका मारून लगेच ब्लेड फिरवणारा माणूस कोरडे केस कापत असतो. फेसाचं मुख्य काम ते पाणी केसाजवळ धरून ठेवणं आणि पातं घसरतं ठेवणं. फेस कमी झाला की दोन्ही कामं बिघडतात.

शाळेतले शब्द आठवा: सुफेन पाणी आणि दुष्फेन पाणी. आपल्या भाषेने पाण्याला नावच फेसावरून दिलंय! दुष्फेन, म्हणजे जड पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबण त्यांच्याशी संयोग पावतो आणि न विरघळणारी साय होते, तीच बादलीच्या कडेला चिकटते. तेवढा साबण फेसातून वजा. तुम्ही लातुरात ब्रश कितीही फिरवलात तरी फेस दोन मिनिटांत बसत असेल. बघा आठवून.

वाशिष्ठीकाठ

बसतो! अगदी असंच होतं. एक गाल होईपर्यंत दुसऱ्या गालावर नुसता पांढरा पापुद्रा राहतो. मी त्याला साबणाचा दोष देत होतो. चिपळुणात फेस सायीसारखा उभा राहतो. आमच्याकडे वाशिष्ठीला कोयनेच्या वीजघरातून सोडलेलं पाणी येतं, म्हणजे धरणात साठवलेला पाऊसच तो.

राईनकाठ

जर्मनीत हा अनुभव रोजचा. इथे पाणीपुरवठा कंपनी तुमच्या भागातलं पाणी किती जड ते जाहीर करते आणि कपड्यांच्या पावडरच्या खोक्यावर त्यानुसार मापं दिलेली असतात: मऊ पाण्याला इतकी, जड पाण्याला इतकी. मी दाढीच्या साबणालाही तोच न्याय लावला. ब्रशवर जवळजवळ दुप्पट साबण घ्यायला लागलो आणि ब्लेड दोन दाढ्या जास्त चालायला लागलं. इथे कार्ट्रिजची पाकिटं इतकी महाग की दुकानात ती कुलपात ठेवलेली पाहिली आहेत, म्हणून मी झोलिंगेनचा सेफ्टी रेझर घेतला. चार वर्षं झाली.

सलूनचा मुलगा

वडिलांचं कराडला सलून होतं, आता भाऊ चालवतो. वस्तऱ्याला अर्धं ब्लेड लागतं. ब्लेड कागदातून न काढता लांबीत दुमडायचं, ‘टच्’ असा आवाज आला की दोन तुकडे. एक अर्धं एका गिऱ्हाइकाला, मग डब्यात. त्यात काटकसर नाही.

पण घरी वडील स्वतःची दाढी त्याच जातीच्या ब्लेडने करायचे आणि आठ-आठ दाढ्या काढायचे. त्यांचं म्हणणं, दाढी पाण्याने होते, ब्लेड फक्त केस उचलून नेतं. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की ते आधी नुसत्या ओल्या हाताने गाल चोळायचे, बराच वेळ. नवीन पोरं हे टाळतात आणि थेट फेस फासतात. थंडीत गरम पाण्यातला टॉवेल पिळून तोंडावर ठेवायचा. मिशीची आणि हनुवटीची जागा सगळ्यात शेवटी घ्यायची, कारण तिथला केस सगळ्यात राठ, त्याला भिजायला सगळ्यात जास्त वेळ मिळाला पाहिजे. आणि कातडी ताणायची. ताणल्यावर केस उभा राहतो. भट्टीसाल दादांनी काटकोनाचं लिहिलंय ते वाचून वडिलांचा अंगठा आठवला; गालावर तो कायम वरच्या बाजूला ओढलेला असायचा.

उलटी दाढी रोज करू नका. ब्लेड सगळ्यात जास्त त्यातच जातं.

जीन्सवाला

कार्ट्रिज जीन्सच्या मांडीवर उलट दिशेने दहा-पंधरा वेळा फिरवलं की धार टिकते असं वाचलं होतं. मी करतो. दुधारीला चालेल?

भट्टीसाल

करू नका. दुधारी पातं उघडं असतं, हात कापेल. शिवाय तो टेफ्लॉनचा थर कापडावर घासून जाईल. दाढी झाल्यावर ब्लेड टॉवेलने पुसणारेही तेच नुकसान करून घेतात. वाहत्या पाण्याखाली धरा, झटका, टोपी अर्धा फेरा सैल करून उभं ठेवा. पुसू नका.

वाशिष्ठीकाठ, तुमच्या वडिलांच्या ग्लासबद्दल: ते वेड नव्हतं. विल्किन्सन स्वोर्डची स्टेनलेस ब्लेडं १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत आली आणि मग सगळ्यांनाच तिकडे वळावं लागलं. त्याआधीची ब्लेडं साध्या कार्बन पोलादाची, लेप नसलेली. ती रात्रीत गंजायची. म्हणून लोक ती कोरडी करून, तेलाचं बोट लावून कागदात परत गुंडाळायचे. अशा पात्याची वळलेली धार ग्लासाच्या काचेवर सरळ व्हायची, थोडा गंज निघायचा. फरक पडायचाच. आजच्या ब्लेडचा उडालेला टवका काचेवर घासून भरून येणार नाही; उरलेला लेप मात्र जाईल.

जिलेट कंपनी काढणाऱ्या किंग जिलेटला दुधारी, पातळ, फेकून देता येईल असं पातं करायचं होतं तेव्हा पोलादाच्या जाणकारांनी त्याला हे जमणार नाही असं सांगितलं होतं. इतक्या पातळ पत्र्याला कडकपणा देताना तो वाकडा होतो ही खरी अडचण होती. विल्यम निकरसन नावाच्या अभियंत्याने ती सोडवली. १९०३ साली, म्हणजे विक्रीच्या पहिल्या वर्षी, ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं खपली. निकरसन एमआयटीचाच विद्यार्थी. त्याच संस्थेने शंभरहून जास्त वर्षांनी पुन्हा तेच पातं सूक्ष्मदर्शकाखाली धरावं याचं मला फार अप्रूप वाटतं.

मांडवीकर

पणजीत राहतो. आमच्याकडे पाणी मऊ पण हवा खारट. स्टेनलेस असूनही पावसाळ्यात ब्लेडच्या मधल्या खाचेजवळ तांबूस ठिपके येतात. मी दाढीनंतर रेझर बाथरूममधून बाहेर काढून खिडकीत उभा ठेवतो. एवढ्यानेच फरक पडला. स्पिरिटमध्ये बुडवणारेही आहेत; स्पिरिट पाणी घेऊन उडून जातं.

नाडीपरीक्षा

डॉक्टर म्हणून दोन शब्द, कारण हा धागा वाचून कुणी दहाव्या दाढीपर्यंत ताणू नये.

गंजलेल्या ब्लेडने धनुर्वात होतो हा समज अर्धवट आहे. धनुर्वाताचे जंतू मातीत, शेणात असतात. गंज हे कारण नव्हे. लस वेळेवर घेतलेली असावी, हे महत्त्वाचं. ब्लेड बदलायची खरी वेळ आकड्यावर ठरत नाही. पहिल्या फटक्याला केस ओढला गेला, एकाच जागी तिसऱ्यांदा हात फिरवावा लागला, दुसऱ्या दिवशी मानेवर बारीक पुटकुळ्या आल्या, की ते ब्लेड गेलं. मधुमेह असणाऱ्यांनी आणि रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी तर दोन-तीन दाढ्यांतच बदलावं. तीन रुपयांसाठी जखम चिघळवू नका.

आणि ब्लेड घरातसुद्धा दोघांनी वापरायचं नाही. बाप-लेकांनीही नाही. हिपॅटायटिस ब चा विषाणू शरीराबाहेर सात दिवस तरी जिवंत राहू शकतो. कराडचे वडील दर गिऱ्हाइकाला नवं अर्धं घ्यायचे ते शंभर टक्के योग्य.

निवृत्त आरेखक

दाढीनंतरच्या आयुष्यावर कुणीच लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. पाटबंधारे खात्याच्या आरेखन शाखेत मी एकतीस वर्षं काढली. संगणक येण्याआधी सगळे नकाशे ट्रेसिंग पेपरवर काळ्या शाईने. कालव्याच्या छेदाची एक रेघ चुकली तर कागद फेकता येत नाही. त्यावर चार दिवसांचं काम असतं. मग अर्धं ब्लेड घ्यायचं, आडवं जवळजवळ निजवून धरायचं आणि शाईचा पापुद्रा हलक्या हाताने खरवडून काढायचा. कागदाला धक्का न लागता.

यासाठी नवं ब्लेड चालत नसे. ते कागदात शिरायचं. आम्हाला लागायचं ते दोन-तीन दाढ्या झालेलं. शाखेतले सगळे घरून आणायचे. ड्रॉवरमध्ये काडेपेटी, त्यात अर्धी ब्लेडं. खरवडल्यावर ती जागा नखाच्या पाठीने घोटायची, नाहीतर पुन्हा मारलेली शाई कागदात फुटते. माझ्या आधीच्या मुख्य आरेखकांच्या हातचं खरवडलेलं उन्हात धरलं तरी ओळखू येत नसे. महाराष्ट्रातल्या कितीतरी धरणांचे नकाशे अशा दाढी झालेल्या ब्लेडांनी दुरुस्त झालेले आहेत.

शिवणटिपण

काका, किती छान लिहिलंत. माझी आई सासऱ्यांची जुनी ब्लेडं मागून घ्यायची, उसवायला. तिथेही हेच: नवं ब्लेड टाक्यासोबत कापडही कापतं. एका बाजूला चिकटपट्टी लावून द्यायची ती आम्हाला, बोट वाचावं म्हणून. पेन्सिलीला टोक तर सगळ्यांनीच केलंय.

पर्णछेद

माझं उलट! मी वनस्पतीशास्त्र शिकवते. सूर्यफुलाच्या खोडाचा आडवा छेद घ्यायला ब्लेड कोरं करकरीतच हवं. दाढी झालेल्या पात्याने पेशी चेंगरतात आणि सॅफ्रानिनमध्ये रंगवल्यावर सगळा लाल चिखल दिसतो. ब्लेड पाण्यात भिजवायचं, करवतीसारखं पुढे-मागे न करता एकाच ओढीत स्वतःकडे आणायचं. आणि प्रत्येक छेदाला धारेची नवी जागा. मुलं सगळे छेद मधल्या भागानेच घेतात आणि कडेची कोरी धार तशीच टाकतात. तुमच्या रेझरमध्येही असं होत असेल का? एकच बाजू आधी लावायची सवय?

वाशिष्ठीकाठ

ताई, होतं! मी आज सकाळी लक्ष दिलं. उजवा हात, सुरुवात कायम एकाच बाजूने, आणि हनुवटीला पोचेपर्यंत तीच. काही ब्लेडांच्या कोपऱ्यांवर १, २, ३, ४ आकडे छापलेले असतात, त्यांचा उपयोग आता कळला. दांड्यावर नेलपॉलिशचा ठिपका दिलाय. सम तारखेला ठिपक्याची बाजू आधी, विषम तारखेला दुसरी.

ओलासुका

एक विनंती. पुण्यात कचरा वेचणाऱ्या ताईंबरोबर काही वर्षं काम केलंय. ओल्या कचऱ्यात सुटं टाकलेलं ब्लेड काय करतं ते हाताच्या पंज्यावर पाहिलंय. कागदात गुंडाळून टाकलं तरी कागद भिजतो आणि ब्लेड बाहेर येतं. पत्र्याचा डबा घ्या, झाकणाला ब्लेडपुरती चीर पाडा, झाकण पक्कं चिकटवा. वर्षाकाठी पन्नास ब्लेडं धरली तरी एक छोटा डबा अनेक वर्षं पुरतो. भरला की वर ठळक अक्षरांत ‘ब्लेड’ लिहून थेट भंगारवाल्याच्या हातात, सांगून. घंटागाडीत नाही.

वाशिष्ठीकाठ

(साडेसात आठवड्यांनी)

प्रयोग केला, नोंदी देतो.

पिण्याच्या फिल्टरचं पाणी रोज एक वाटी गरम करून घेतलं. नळाच्या पाण्याने तोंड धुवायचं, पण शेवटचं भिजवणं, ब्रश आणि फेस फक्त वाटीतल्या पाण्यात. तीन मिनिटं ओल्या हाताने चोळणं, घड्याळ लावून. हनुवटी शेवटी. उलटी दाढी फक्त रविवारी. बाकी सगळं जसंच्या तसं. पहिलं ब्लेड सहा दाढ्या, दुसरं सात, तिसरं सहा. तीन ब्लेडांवरून फार काही म्हणता येणार नाही, पण पाच वर्षांत लातुरात सहावी रेघ त्या कागदावर पडली नव्हती.

मग चौथ्या ब्लेडला फक्त फिल्टरचं पाणी बंद केलं, बाकीची मेहनत तशीच ठेवली. पाच. म्हणजे थोडं पाण्याने, थोडं भिजवण्याने. फिल्टरमधून वाया जाणारं पाणी झाडांना घालतो. इथे तेवढी लाज बाळगावीच लागते.

ग्लासही करून पाहिला. भट्टीसालांनी नको म्हटलं होतं तरी. चौथं ब्लेड पाचव्या दाढीनंतर वडिलांसारखंच घासलं. सहाव्या वेळी पहिल्याच फटक्याला ओढलं, ग्लासाने काही झालं नाही. ग्लास मात्र रेझरशेजारीच ठेवलाय.

आरेखक काका, तुम्हाला अजून अर्धी ब्लेडं लागत असतील तर काडेपेटीत भरून पाठवतो.

निवृत्त आरेखक

आता डोळे नाहीत रे बाबा. पण नातवाला ट्रेसिंग पेपर आणून दिलाय. दोन पाठव.

वाशिष्ठीकाठ

नक्की. आणि पर्णछेद ताई, लेक बारावीला आहे, कालच माझ्या पाकिटातली दोन कोरी ब्लेडं प्रॅक्टिकलला घेऊन गेली. छेद जाड येतायत म्हणते. खोड किती कोवळं घ्यायचं?

पर्णछेद

शेंड्यापासून तीन-चार पेरं खाली. फार कोवळं दबतं, जून झालेलं ब्लेडला ऐकत नाही. गाजराच्या तुकड्यात उभी चीर देऊन त्यात धरायला सांगा. आणि ब्लेड ओलं, बोटं ओली, दोन्ही.